पद्मिनीचा फ्यूल फिल्टर बदलला आणि वालचंद हिराचंद नव्याने कळले

आज मोबाईल नाही, अॅप नाही, एआय तर अजिबात नाही. आज एक जुनी गाडी, एक छोटासा फिल्टर आणि सत्तर वर्षांपूर्वी वारलेला एक माणूस. तिघांचा संबंध काय, ते शेवटपर्यंत वाचलं की कळेल.

दिवाळीला मी पुण्याहून मोर्शीला घरी आलो होतो. आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडखाली एक १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, संत्र्याचा बहार चांगला गेला त्या वर्षी ती घेतली. आबाजी आता नाहीत. बाबा महिन्यातून एकदा गाडी सुरू करतात, अंगणात मागेपुढे घेतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि मग दर ५ वर्षांनी ती नवी करावी लागते, त्यासाठी गाडी दाखवावी लागते. आमची पाळी पुढच्या वर्षी आहे. बाबा म्हणाले, टाकू आता भंगारात, काहून एवढा जीव लावतं? भंगारवाला येऊन पाहूनही गेला होता. मी म्हटलं, थांबा, एकदा रस्त्यावर घेऊन पाहू.

घेतली. गावातून बरी चालली. वरूड रोडला लागलो, चाळीसच्या वर वेग गेला आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. थोडा चढ आला तर पार दम टाकला. बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलो, पुन्हा स्टार्ट केली तर जणू काही झालंच नाही अशी सुरू! अजून थोडं गेलो, पुन्हा तेच.

ही लक्षणं लक्षात ठेवा. जागेवर उभी असताना इंजिन नीट चालतं, पण जोर मागितला की अडखळतं आणि थोडं थांबलं की परत ठीक होतं. असं असेल तर पेट्रोल कमी पोचतंय हा पहिला संशय घ्यायचा. तुम्ही मोबाईलवर व्हिडिओ पाहता ना? नेट स्लो असेल तर १४४पी वर व्हिडिओ मस्त चालतो, १०८०पी केला की गोल गोल फिरत बसतो. थोडा वेळ पॉज केला की बफर भरतो, मग पुन्हा दोन मिनिटं चालतो. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत हा बफर म्हणजे फ्लोट चेंबर, कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी. उभ्या गाडीला पेट्रोल कमी लागतं, वाटी भरलेली राहते. वेग वाढला की इंजिन जास्त ओढतं, मागून तेवढं येत नाही, वाटी रिकामी होते आणि झटके बसतात.

बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या रबरी पाइपमध्ये अंगठ्याएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, आत घडी घातलेला कागद. तोच फ्यूल फिल्टर. नवा असताना कागद पांढरट पिवळसर असतो. आमचा चहाच्या गाळणीतल्या भुकटीसारखा झाला होता. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की अर्ध्या रिकाम्या लोखंडी टाकीत दमट हवा राहते, आतून गंज धरतो आणि तो गंज पेट्रोलबरोबर पुढे येतो.

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी पद्मिनी ऐकून आधी माझ्याकडे नीट पाहिलं. मग एक साधा इनलाइन फिल्टर, फूटभर पेट्रोलचा रबरी पाइप आणि चार क्लिपा काउंटरवर ठेवल्या. पाइप पेट्रोलसाठीचाच मागा, पाण्याचा चालत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. फिल्टरच्या शंभराच्या नोटेतून सुटे परत आले!

इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नव्हता. म्हणून मी फडकं घेऊन बॉनेटखालची धूळ पुसत बसलो. तिथे कंपनीची पट्टी दिसली, प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मुंबई. लहानपणापासून ही गाडी मी फियाट म्हणूनच ऐकली. घरात सगळे फियाटच म्हणतात. मग ही प्रीमियर कोणाची? फोन काढला, वाचत गेलो, आणि पुढचे दोन तास इंजिन गार होऊनही मी शेडमध्ये खुर्चीवरच.

कोण होते वालचंद?

माझा एक मित्र सांगलीच्या वालचंद कॉलेजचा. मी इतकी वर्षं समजत होतो की वालचंद म्हणजे कॉलेजला देणगी देणारे कोणी शेठजी. देणगीमुळे कॉलेजला नाव मिळालं असेलही, पण ते नाव ज्यांचं, त्यांनी आपल्या देशात जहाज कंपनी, विमानाचा कारखाना, जहाजबांधणीचा कारखाना आणि मोटारीचा कारखाना, असं चारही उभं केलं. तेही इंग्रज राज्य करत असताना. आणि शिक्षणाने ते इंजिनिअर नव्हते. कॉलेजची पदवीसुद्धा पूर्ण नव्हती!

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं जैन, मूळ गुजरातचं, पण सोलापुरात स्थिरावलेलं. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. आपल्या वऱ्हाडात कापसाचा व्यापारी म्हटलं की जसं चित्र डोळ्यासमोर येतं, गादी, वही, कापसाचा भाव, तसंच काहीसं असणार. वालचंदांना त्यात रस वाटेना. मुंबई आणि पुण्यात कॉलेज झालं, तेही अर्धवट सुटलं, आणि ते घरच्या धंद्यात आले खरे, पण मन बाहेर.

मग त्यांना लक्ष्मण बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते, कंत्राटाचं काम कसं चालतं हे त्यांना माहीत होतं. वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची ताकद. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या तुकड्याचं काम घेतलं. नॅरोगेजचा काही मैलांचा रस्ता, पण सुरुवात इथून. आजच्या भाषेत एकाकडे डोमेन नॉलेज, दुसऱ्याकडे फंडिंग. स्टार्टअप म्हणून आपण जे बोलतो ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापूर भागात चालू होतं.

पुढे कामं मोठी होत गेली. मुंबई-पुणे रेल्वेचे भोर घाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन, सिंधू नदीवरचा पूल. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू केली. मुंबईत वांद्रे-वरळी सी-लिंकवर तुम्ही रील बनवला असेल, तर तो पूल याच कंपनीने बांधलेला आहे. आता सांगा, नाव ऐकलं होतं का?

जहाज, तेही सेकंडहँड

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक जहाज होतं. १८९१ सालचं, मूळ कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं, नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. महाराजांनी ते युद्धात जखमींसाठी हॉस्पिटल म्हणून चालवलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी. युद्धानंतर ते विकायला निघालं. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेतलं, जहाज विकत घेतलं आणि सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे तो यामुळेच.

इथे मला एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण बहुतेक ठिकाणी या जहाजाचं फक्त कौतुक वाचायला मिळतं. धंदा म्हणून लॉयल्टी फसलं. जुनं, खर्चिक, माल वाहायला सोयीचं नाही. चारच वर्षांत, १९२३ मध्ये ते भंगारात गेलं. पण कंपनी टिकली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांनी मालाचे दर इतके पाडले की सिंधिया बुडावी. म्हणजे मोठ्या कंपनीने खिशातले पैसे घालून डिस्काउंट द्यायचा, लहान कंपनी मरेपर्यंत. आता कोणती अॅप आठवली ते मनात ठेवा. सिंधिया मेली नाही, पण १९२३ मध्ये तडजोड करावी लागली. दहा वर्षं फक्त हिंदुस्थानच्या किनाऱ्यालगतचा व्यापार करायचा, लांबच्या समुद्रात जायचं नाही. लंडनला जहाज पाठवून सुरुवात केलेल्या माणसाला ही अट किती लागली असेल!

मधल्या काळात साखर. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंबला त्यांनी माळरान घेऊन ऊस लावला, कारखाने काढले. कळंबचं पुढे वालचंदनगर झालं. रावळगावची गोळी तुम्ही खाल्ली असेल, निदान आईबाबांनी तरी नक्की. या साखरेचा आपल्या फिल्टरशी संबंध आहे, तो पुढे येतो.

परवानगी नाही

आता गाडीकडे येऊ. १९३० च्या दशकात हिंदुस्थानात मोटारी होत्या, पण त्या सुट्या भागांत पेट्यांमधून यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. जनरल मोटर्स आणि फोर्डची जोडणीची कामं इथे चालू होती. बनवणं वेगळं आणि जोडणं वेगळं, हा फरक त्या काळातल्या एका मराठी वाचकाला समजावून सांगायला लेख लागला असता. आपल्याला मोबाईलमुळे तो फुकटात कळतो.

सर एम. विश्वेश्वरय्या यांनी इथेच मोटार बनवायची योजना तयार केली होती. हे तेच, ज्यांच्या वाढदिवसाला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. वालचंद त्यांच्याबरोबर या कामाला लागले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आलं, ते अनुकूल होतं. म्हैसूर संस्थानलाही कारखाना हवा होता. अडून बसलं ते दिल्लीतलं सरकार. फोर्डशी बोलणी झाली, जमली नाहीत. शेवटी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला. तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. सरकारने युद्धकाळात मोटारीच्या कारखान्याला मदत द्यायचं नाकारलं. खरं तर युद्धात ट्रक लागतात, त्यासाठी तरी कारखाना हवा होता असं आज कोणालाही वाटेल. पण मशिनरी आणायला परकीय चलन लागतं, जहाजात जागा लागते, आणि दोन्हीची चावी सरकारच्या खिशात.

याच धडपडीत एक गंमत झाली. १९३९ मध्ये वालचंद मोटारीच्या कामासाठी अमेरिकेला गेले होते. परत येताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन भेटला. हा माणूस चीनसाठी विमानाचा कारखाना चालवत होता. प्रवास लांबचा, बेटांवर थांबत थांबत, गप्पांना भरपूर वेळ. त्या गप्पांतून हिंदुस्थानात विमानं बनवायची कल्पना पक्की झाली. मोटारीला नाही म्हणणारं सरकार विमानाला मात्र हो म्हणालं, कारण युद्ध जवळ येत होतं. म्हैसूरच्या महाराजांच्या सरकारने भांडवल घातलं, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले आणि २३ डिसेंबर १९४० ला बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. हीच पुढे १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. तेजस विमानाची बातमी आली की जी एचएएल ही अक्षरं दिसतात, ती ही!

मी हे वाचलं तेव्हा बाबांना आत जाऊन सांगितलं. बाबा सुपारी कातरत होते. म्हणाले, मग त्याले काय भेटलं त्याच्यातून? प्रश्न बरोबर होता. १९४२ मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला. जपान दारात आला होता, कारण कळण्यासारखं आहे. वालचंदांना पैसे मिळाले, पण कारखाना गेला.

जहाजबांधणीचंही जवळपास तसंच. विशाखापट्टणमला २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम रखडलं, पुन्हा सुरू झालं, आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी जलउषा हे जहाज पाण्यात सोडलं. स्वतंत्र भारतात बांधलेलं पहिलं मोठं जहाज. काही वर्षांत हा कारखानाही सरकारकडे गेला.

आणि मोटार? १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स नोंदली गेली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, तिथून पहिली गाडी बाहेर पडली. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या आणि फार्गो ट्रक. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्येच निघाली होती, त्यामुळे पहिलं कोण यावर वाद घालणारे घालतात. मला त्या वादात रस नाही. योजना कागदावर आल्यापासून पहिली गाडी दारातून बाहेर पडेपर्यंत दहा-बारा वर्षं गेली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या ऑफिसात एखादं फीचर अप्रूव्हलसाठी तीन आठवडे अडकलं तर आम्ही रडतो.

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं, भावांनी कारभार पाहिला. याच सुमारास कंपनीने इटलीच्या फियाटशी हात मिळवला, कारण मोठ्या अमेरिकन गाड्या आपल्या खिशाला आणि पेट्रोलला परवडणाऱ्या नव्हत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे वालचंद वारले. ज्या गाडीमुळे घराघरात प्रीमियरचं नाव गेलं, ती फियाट ११०० कुर्ल्यात बनायला लागली १९५४ मध्ये. त्यांनी ती पाहिलीच नाही. पद्मिनी हे नाव तर त्यानंतर वीस वर्षांनी, १९७४ मध्ये आलं. सांगलीच्या न्यू इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव लागलं ते १९५५ मध्ये.

मग मला ही गाडी घरी का उघडता येते?

हा प्रश्न मला त्या खुर्चीवरच पडला. माझ्या शेजाऱ्यांची चार वर्षांची कार आहे, तिचं बॉनेट उघडलं तर वर प्लॅस्टिकचं झाकण, खाली काय चाललंय कळत नाही. पद्मिनीत सगळं डोळ्यासमोर. याचं कारण फार अभिमानाचं नाही. १९६० च्या दशकातल्या इटालियन गाडीचं डिझाइन आपल्याकडे जवळपास तसंच २००० सालापर्यंत बनत राहिलं. आयातीला बंदी, नव्या कारखान्याला लायसन्स नाही, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायला तयार. मग कंपनीने बदलायचं कशाला? जे सरकारी नाही वालचंदांना आयुष्यभर अडवत आलं, त्याच सरकारी नाहीने पुढे त्यांच्या कंपनीला स्पर्धेपासून वाचवलं आणि आळशीही केलं. १९८३ च्या शेवटी मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तो दिवस तुम्ही इन्स्टावर पाहिला असेल.

वालचंद आणखी वीस वर्षं जगते तर काय झालं असतं हे कोणीच सांगू शकत नाही. पण जोडणी सोडून स्वतः बनवा यासाठी भांडलेला माणूस त्याच डिझाइनवर तीस-चाळीस वर्षं बसला असता असं मला तरी वाटत नाही.

असो. इंजिन आता पार गार झालं होतं, आणि आईने जेवायला दोन हाका मारल्या होत्या.

प्रत्यक्ष काम

आधी एक इशारा. हे फक्त जुन्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाडीसाठी आहे. तिच्यातला पेट्रोल पंप इंजिनच्या बाजूला असतो. आतल्या कॅमने एक दांडी हलते, दांडीने रबरी पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढलं जातं. दाब फार कमी, साधारण ०.२ ते ०.३ बार. इंजेक्शनवाल्या गाडीत दाब याच्या दहापट असू शकतो आणि गाडी बंद केल्यावरही पाइपात तो राहतो. पाइप सोडला की पेट्रोलची पिचकारी थेट तोंडावर. कित्येक नव्या गाड्यांत फिल्टर टाकीच्या आतच असतो. त्यामुळे नवी गाडी असेल तर मेकॅनिककडे जा, यूट्यूब पाहून हिंमत करू नका.

काम उघड्यावर करा. मी गाडी ढकलत शेडमधून अंगणात आणली, बाबांनी मागून हात लावला. जवळ देवघर, शेगडी, विडी, काही नको. दिवाळी असल्यामुळे गल्लीतल्या पोट्ट्यांना फटाके घेऊन लांब पिटाळावं लागलं, हे काम सगळ्यात अवघड होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. हाताशी कोरडी वाळू एका टोपल्यात ठेवली, पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. टाकीत पेट्रोल कमी असताना हे करावं, नाहीतर पाइप सोडल्यावर मागून वाहतच राहतं.

जुन्या फिल्टरचा फोटो काढा. फिल्टरवर बाण असतो, तो पेट्रोल जाण्याची दिशा दाखवतो, म्हणजे टाकीकडून इंजिनकडे. मोबाईलचा यापेक्षा चांगला उपयोग मला त्या दिवशी तरी सुचला नाही. खाली स्टीलची वाटी आणि फडकं धरून स्क्रूड्रायव्हरने क्लिपा ढिल्या केल्या. पाइप ओढला तर निघेना. जुना रबर चिकटून बसतो. जोरात ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. टाकीकडचा पाइप निघाल्याबरोबर त्याच्या तोंडात बसेल असा बोल्ट घातला, गळती थांबली.

जुना पाइप वाकवून पाहिला तर बाहेरून बारीक तडे. इथे साखर आठवा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंचसं उसापासून येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या काही रबरांना ते मानवत नाही. १९९६ ची गाडी बनली तेव्हा हा विचार कोणी केलेला नव्हता. म्हणून नुसता फिल्टर बदलून थांबू नका, दोन्ही बाजूचा रबरी पाइपही नवा घाला. काकांनी फूटभर पाइप न मागता का दिला, ते आता कळलं.

नवा फिल्टर बाणाची दिशा पाहून बसवला. पाइप निदान बोटाच्या पेराएवढा आत गेला पाहिजे. क्लिपा आवळताना अति नको, प्लॅस्टिकची नळी चिरते. फिल्टर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम भागाला टेकत नाही ना, फिरणाऱ्या पट्ट्याजवळ येत नाही ना, हे पाहिलं. सांडलेलं पुसलं, फडकी लांब उन्हात टाकली, वास पूर्ण गेल्यावरच बॅटरी जोडली.

पहिल्यांदा चावी फिरवल्यावर गाडी लगेच सुरू होत नाही, घाबरू नका. पाइप आणि वाटी रिकामी असते, पंपाला भरायला वेळ लागतो. आठ-दहा सेकंद मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. आमची तिसऱ्यांदा सुरू झाली. नव्या फिल्टरमध्ये पेट्रोल भरताना दिसतं, पूर्ण भरलेला दिसला नाही तरी चालतं. दोन्ही सांध्यांना कोरडा कागद लावून पाहिला. ओला झाला नाही.

संध्याकाळी बाबांना बाजूला बसवून अप्पर वर्धा धरणाकडे निघालो. साठपर्यंत नेली, झटका नाही. वाटेत दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, काही झाडांवर फळं पिवळी पडत होती. परत येताना बाबा म्हणाले, सर तू इकडं, मी चालवतो. नळ-दमयंती सागरापासून घरापर्यंत त्यांनीच चालवली. भंगारवाल्याचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बॉनेट उघडलं. आठवडाभरातच नव्या फिल्टरच्या तळाशी तपकिरी रंगाची बारीक रेघ दिसत होती. म्हणजे गंज अजून मागे टाकीत आहेच. फिल्टर तो अडवतोय, पण कारण टाकीत बसलंय. मी दुकानातून आणखी दोन फिल्टर आणून बाबांकडे दिले आणि बदलायचं कसं ते एकदा करून दाखवलं. टाकी उतरवून आतून धुवायचं काम संक्रांतीला. ते मात्र मी एकटा करणार नाही. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ कोंडलेली असते, एक ठिणगी पुरते. गावातल्या मेकॅनिक भाऊंना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, आणा, पण आठवडाभर आधी पेट्रोल काढून झाकण उघडं ठेवा.